४८६ साठी इंकजेट: डेस्कजेट ५०० का घेतला

मशीन तेच आहे, माझा नव्वदच्या दशकातला ४८६ पीसी: डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२ आणि वर विंडोज ३.१. साउंड कार्ड, सीडी, हार्ड डिस्क मार्गी लागली, राहिला होता प्रिंटर. अट एवढीच की तो त्याच काळातला हवा आणि इंकजेट हवा. डॉट मॅट्रिक्स अजूनही पायलीला पन्नास मिळतात, त्यात शोधायची मजा नाही. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी अख्खं घर झोपलेलं असताना त्याचं किरकिरणं कोण ऐकून घेणार?

पहिला मोह थिंकजेटचा. १९८४ चा, एचपीचा घरगुती इंकजेटचा श्रीगणेशा म्हणावा असा. पण १२ नोझल (शाई उडवणारी बारीक छिद्रं), ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) आणि शाई नीट बसायला खास कागद. शोकेसमध्ये शोभेल, कामाला नाही. ९६ डीपीआयमध्ये ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची जी दशा होईल ती मला बघवणार नाही.

खरा प्रश्न हेडचा, म्हणजे नोझल असलेल्या भागाचा आहे, आणि प्रिंटर निवडताना लोक नेमका तोच शेवटी विचारतात. इंकजेटची घराणी दोन. एकात शाई तापवून उडवतात: नोझलमागच्या इवल्याशा रेझिस्टरला काही मायक्रोसेकंद वीज मिळते, शाईचा पातळ थर उकळतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅननमध्ये १९७७ साली शाईच्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं, शाई उडाली आणि तिथून ‘बबलजेट’ निघालं. एचपीवाले त्याच सुमारास स्वतःच्या वाटेने तिथेच पोचले. दुसरं घराणं एप्सनचं, पिझोचं: वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो आणि शाई ढकलतो. उष्णता नाही, थेंबावर ताबा चांगला. १९९४ चा स्टायलस कलर ७२० डीपीआय द्यायचा, तेव्हा भल्याभल्यांची बोलती बंद झाली होती.

छपाईच बघायची तर पिझो सरस. पण त्याचं हेड प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं. आता विचार करा, असा प्रिंटर वीस-पंचवीस वर्षं नागपुरातल्या कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिला. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवेत ओलावा नावाला नाही, आणि वर तापलेला स्लॅब. नोझलमध्ये उरलेली शाई सुकून खडा होते. सुटली तर सुटली, नाहीतर प्रिंटर भंगारात. एचपीने डेस्कजेटमध्ये हेड काडतुसालाच लावलं, म्हणजे नवं काडतूस घातलं की हेडही नवं. एरवी हा खर्चिक प्रकार म्हणून त्याला नावं ठेवली जातात. आपल्या हवेत मात्र तोच तारतो.

कॅनन बीजे-१०ई सुद्धा याच न्यायाने चालला असता. १९९० चा, ६४ नोझल, ३६० डीपीआय, आकाराने आटोपशीर. पण मला हाती लागली ती काडतुसं जुन्या स्टॉकची, खडखडीत वाळलेली. डेस्कजेट ५०० ला लागणारं ५१६२६ए पुन्हा भरलेलं का होईना, मिळालं. मूळ डेस्कजेट १९८८ चा, तेव्हाची किंमत ९९५ डॉलर. ५०० आला १९९० मध्ये.

एक धोक्याची सूचना. नंतरचे डेस्कजेट ७२०सी, ८२०सी दिसायला छान आणि स्वस्तात मिळतात. डॉससाठी ते घेऊ नका. त्यांची पानं विंडोजच तयार करून देतो, प्रिंटरला स्वतःला पीसीएल, म्हणजे एचपीची प्रिंटरला आज्ञा द्यायची भाषा, कळतच नाही. डॉसमधून काही पाठवा, ढिम्म हलणार नाही.

प्रिंटर मिळाला इतवारीतल्या एका कबाड्याकडे. ‘हे काहून घेऊन राहिले भाऊ? शाई भेटत नाही ना याची,’ असं तोच मला सांगत होता. म्हटलं, तुम्ही वजनावर द्या, शाईचं मी बघतो. निघण्याआधी अडॅप्टर मागून घेतला. तो त्याचा स्वतःचाच लागतो, आणि असे सुटे तुकडेच आधी गायब होतात.

कागद ओढणारे रबरी रोलर वयामुळे काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ओल्या फडक्याने पुसून, अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवल्यावर कागद पकडायला लागले. काडतुसाच्या नोझल-पट्टीला मात्र काहीही घासायचं नाही. कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओला केलेला टिश्यू फक्त टेकवायचा आणि शाई त्यात उतरू द्यायची. आधी नुसता काळा डाग येतो, मग त्यात दोन बारीक समांतर रेघा दिसू लागतात. त्या दिसल्या की नोझल उघडले.

डॉसमधून डिरेक्टरीची यादी सरळ एलपीटी-१ ला, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला, ढकलली. छापली, पण कागद बाहेर येईना. घाबरायचं कारण नाही, फॉर्म फीड (पान बाहेर टाकायची आज्ञा) मिळेपर्यंत पान तो धरूनच ठेवतो.

मग विंडोज ३.१ मधून मराठी. ५० नोझल, ३०० डीपीआय, म्हणजे हेडच्या एका फेरीत इंचाचा सहावा भाग छापला जातो. इंग्रजी १२ पॉइंटची ओळ बरोब्बर तेवढी. आपली ओळ वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार घेऊन येते, ती एका फेरीत मावत नाही. फेऱ्यांचा सांधा किंचित हलला की ‘कू’चा उकार अक्षरापासून तुटलेला दिसतो. आणि एखादा नोझल बंद असला, अन् तो शिरोरेषेवरच आला, तर रेषा मधोमध चिरून तिच्या दोन होतात. सेल्फ टेस्टमध्ये नजरेतून सुटलेला बंद नोझल मला ‘महाराष्ट्र’च्या शिरोरेषेत सापडला. पुन्हा टिश्यू टेकवला, रेषा जुळली.

कूलरसमोर मात्र छापू नका. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या दमट हवेत साधा ७५ जीएसएम कागद मऊ पडतो आणि शाई तंतूंतून पसरते, कडा केसाळ होतात. रीम बंद डब्यात ठेवायला लागल्यापासून बराच फरक पडलाय.

पुढचा टप्पा रंगाचा. ५००सी नको, त्यात एकाच वेळी एकच काडतूस बसतं आणि रंगीत घातलं की काळा म्हणून तीन रंगांचा मळकट काला मिळतो. १९९२ च्या ५५०सी मध्ये दोन्ही काडतुसं शेजारी-शेजारी बसतात. विदर्भात कुणाकडे धूळ खात पडला असेल तर कळवा. काडतूस वाळलेलं असलं तरी चालेल, अडॅप्टर तेवढा सोबत हवा.