उजेड दिसतोय का?

आठवीचा विषयाचा फॉर्म आला तेव्हा वर्गात आपोआप दोन रांगा झाल्या. मुलं टेक्निकलला, मुली शिवणाला. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडायला अवघड होता.

साल 1983. महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून सातवी होऊन आम्ही इथे, मुंबईत भांडुपच्या या माध्यमिक शाळेत, आलो होतो. टेंभीपाडा, कोकणनगर, जंगल-मंगल रोड, कुठून कुठून डोंगर उतरून पोरं यायची. हल्ली महापालिकेच्या शाळांच्या पाट्यांवर 'पब्लिक स्कूल' असं वाचते आणि जरा हसू येतं. आमच्या वेळी ती 'म्युन्शिपाल्टीची शाळा' होती. तसं सांगताना काही जण आवाज खाली आणायचे. मीही आणायचे, खोटं कशाला बोलू?

मला टेक्निकल हवं होतं, कारण बाबा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. (त्याला एलबीएस मार्ग म्हणणारी माणसं नंतर आली.) मी टेक्निकल लिहिलेला फॉर्म ऑफिसातून दोनदा परत आला. तिसऱ्यांदा मोठ्या बाईंनी स्वतः बोलावलं. त्यांनी क्लार्कला विचारलं, "मुलींना घेऊ नये असा कागद आहे का? असेल तर दाखवा." कागद नव्हता. घरी मात्र वेगळंच निघालं. मला वाटलं होतं बाबा खूश होतील. ते म्हणाले, "बाय, कानशीने हात सोलवटतात. मी कशासाठी घासतोय मग?" दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही केली आणि सांगितलं, वर्कशॉपमध्ये वेणी वर बांधायची, बांगड्या काढून ठेवायच्या.

वर्कशॉप म्हणजे मैदानामागची पत्र्याची शेड. लांबच लांब लाकडी बाक, त्यावर बोल्टने आवळलेले वाईस, म्हणजे लोखंड घट्ट पकडणारे शिकंजे. वाईसचा जबडा उभं राहिल्यावर कोपराच्या उंचीला यायला हवा, हा सरांचा पहिला धडा. माझ्या तो खांद्याजवळ येत होता. सरांनी काही न बोलता एक फळी आणून पायाखाली टाकली. तीन वर्षं मी त्या फळीवर उभी होते. दहावीत फळीची गरज राहिली नव्हती, पण सवय सुटेना.

पहिला जॉब, म्हणजे हाताने घडवायची वस्तू, साधा: 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीतून 50 बाय 50 चा चौकोन. हॅक्सॉने कापायचं, कानशीने घासायचं, चारही कोन काटकोन. दिसायला काहीच नाही. पण कानस पुढे रेटताना हात झोके खातो, आणि कडेला मधोमध पोट येतं. ते डोळ्याला दिसत नाही, बोटालाही लागत नाही. सर जॉब खिडकीकडे धरायचे, त्यावर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) टेकवायचे आणि विचारायचे, "उजेड दिसतोय का?"

दिसायचा. गुण्याच्या पात्याखाली दोन्ही टोकांना केसाएवढी फट, आणि तिच्यातून भांडुपचं ऊन. सर जॉब परत हातात ठेवायचे. ओरडणं नाही, शाबासकी नाही. 'अजून थोडं' एवढंसुद्धा नाही. पहिल्या चौकोनाला माझे सहा शनिवार गेले. हाताला फोड आले, ते फुटले, आईने खोबरेल लावलं. बाबांनी फक्त माझी कानस धरायची पद्धत बघितली आणि डावा तळवा तिच्या टोकावर नीट ठेवून दाखवला. त्या अबोल्याचा निकाल असा लागला.

जाड दात्यांच्या एका कानशीला 'बास्टर्ड' म्हणतात हे कळल्यावर मुलांना वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळाला. आणि कानशीच्या दात्यांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून त्यांवर खडू चोळतात, हे कळल्यावर आठवी ब च्या फळ्याखालचे खडू गायब व्हायला लागले. बाईंनी खूप चौकशी केली. आज चाळीसहून जास्त वर्षांनी कबूल करते, त्यातले निम्मे मी नेले.

बाकी उपक्रम होते ते सगळ्या शाळांत असतात तसेच: एमसीसीची (महाराष्ट्र कॅडेट कोरची) परेड, लेझीम, हिंदीच्या परीक्षा. एलिमेंटरी ड्रॉइंगला मला सी ग्रेड मिळाली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. संध्याकाळच्या अभ्यासिकेबद्दल मात्र लिहायलाच हवं. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि लालबागचे काका कुटुंबासह आमच्याकडे राहायला आले. एका खोलीत नऊ माणसं. अशी घरं वर्गात बरीच होती. शाळेने संध्याकाळी दोन वर्ग उघडे ठेवले, दोन ट्यूबलाइट आणि एक शिपाईमामा. शिकवायला कोणी नसायचं. शांतता एवढीच काय ती सोय, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याही घरी नव्हती. दहावीची भूमिती मी तिथे केली.

1986 ला दहावी झाले, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग टूलरूम आणि तपासणी विभागात नोकरी. तिथे मायक्रोमीटर होते, नंतर कॉम्प्युटरवर मोजणारी यंत्रं आली. तरी नवीन पोरगा पार्ट घेऊन आला की मी आधी तो खिडकीकडे धरायचे. पोरांनी मला मागून 'उजेडबाई' नाव ठेवलं होतं. मला माहीत होतं, त्यांना माहीत नव्हतं की मला माहीत आहे.

परवा शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीला आले तेव्हा शेडकडे गेले. आत आता मुलांना फुकट मिळणाऱ्या 27 वस्तूंची खोकी आहेत: दप्तरं, बूट, रेनकोट. आम्हाला यातलं फारसं काही नव्हतं, तेव्हा तक्रार नाही. एक बाक शिल्लक आहे. त्यावर वाईसच्या बोल्टची चार भोकं आहेत.

आमचे जॉब परीक्षेसाठी शाळेत जमा व्हायचे, ते परत मिळाले नाहीत. कुठल्या कपाटात, पत्र्याच्या डब्यात ते सापडले तर कळवा. माझ्या जॉबवर 23 नंबरचा पंच, म्हणजे ठोकलेला आकडा, आहे. तो पुसला असेल तर गुण्या लावून बघा. तीन कोन बरोबर आहेत, चौथ्यात अजून उजेड दिसेल.