ब्रिकामात कोरा शिकताना

पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियात कोरा हे तंतुवाद्य शिकायचं तर ब्रिकामाला जा, असं जो तो सांगतो. कोरावादक अलहाजी बाय कोंते याच गावचे. 1973 साली त्यांच्या एकल कोरावादनाची रेकॉर्ड अमेरिकेत निघाली होती. त्यामुळे परदेशी माणूस मायक्रोफोन घेऊन अंगणात बसला, तर इथं कुणाला नवल वाटत नाही. राजधानी बांजुलहून गेलेगेलेनं, म्हणजे तिथल्या वडापनं, घामाघूम होऊन पोचलो. माझे शिक्षक जाली घराण्यातले. मांडिंका समाजात वादन, गायन आणि वंशावळी राखणं हे जालींचं पिढीजात काम.

अर्ध्या मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, त्यातून लांब दांडा आरपार गेलेला, तारा एकवीस. डाव्या हाताला अकरा, उजव्या हाताला दहा. पूर्वी तारा कातड्याच्या पट्ट्या पिळून करत, आता मासेमारीची नायलॉन दोरी लावतात. वाजवतात फक्त अंगठे आणि तर्जन्या. उरलेल्या बोटांनी वाद्याच्या दोन खुंट्या धरायच्या. दांड्यावर चामड्याच्या कड्या असतात आणि त्या सरकवून सूर लावतात. हार्मॅटनचा कोरडा वारा सुटला की शिक्षकांची अर्धी सकाळ त्यातच जायची.

पहिला धडा ‘केलेफाबा’चा. न्यूमी आणि जोकाडू या राज्यांच्या लढाईत पडलेल्या केलेफा साने या योद्ध्यावरची ही रचना नवशिक्याला आधी देतात. लिहून काही मिळत नाही. पुन्हा पुन्हा फिरणारा मूळ आकृतिबंध, म्हणजे कुंबेंगो, शिक्षक समोर बसून वाजवणार आणि तुम्ही तो हातात बसेपर्यंत वाजवायचा. वरून सुटणाऱ्या भरधाव ताना, बिरिमिंतिंगो, त्यानंतर. मला तानांचीच घाई होती. शिक्षक चहाकडे बोट दाखवायचे. अताया, म्हणजे तिथला चहा, तीनदा उकळतो आणि तिसरा पेला येईपर्यंत कुंबेंगो थांबवायचा नाही.

रेकॉर्डिंगचं तर वेगळंच. शेजारी बसलेला एक जण कोऱ्याच्या पाठीवर बोटांनी ठेका धरतो, त्याला कोंकोंदिरो म्हणतात. तो टाळून फक्त तारांचा ‘स्वच्छ’ आवाज घ्यावा, असं बाहेरून आलेल्यांना वाटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. ठेका गेला तर लयीचा कणाच जातो. तारा पेलणाऱ्या घोडीवर लावलेल्या न्येन्येमोचंही तसंच. पत्र्याच्या तुकड्याला कड्या लावलेल्या असतात आणि त्या थरथरल्या की आवाजाला झिणझिणी येते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ऐकत वाढलेल्या कानाला ती खटकत नाही. म्हणून एक मायक्रोफोन घोडीसमोर ठेवला, दुसरा ठेका धरणाऱ्याच्या बोटांशी. कोंबड्या आणि मशिदीतली बांग मात्र काढता आली नाही, नि काढायचीही नव्हती.

पैशांची बोलणी शिकवणीची आधी झाली, रेकॉर्डिंगची नंतर, आणि अवघड तीच ठरली. ‘केलेफाबा’ रेकॉर्ड करून घेऊन जा, शिक्षक म्हणाले. पण गाता गाता ते सतारोत शिरायचे, म्हणजे बोलल्यासारखं गाणं. त्यात आश्रयदात्या घराण्यांची नावं पिढीमागून पिढी येतात. तिथं हात वर करायचे आणि मी यंत्र बंद करायचो. ती नावं त्या घरांची, त्यांनीच आपल्या समारंभात पैसे देऊन ऐकायची. त्यामुळे माझ्या फायलींत ‘केलेफाबा’ तीन ठिकाणी तुटतो. नावं वगळून सलग वाजवाल का, असं विचारलं, तर म्हणाले, वाजवता येईल, पण मग तो केलेफाबा राहणार नाही. तुटकाच ठेवला.