घरचं ओसीआर: ब्रोकर ठरला

जुन्या दिवाळी अंकांच्या प्रकल्पात स्कॅनर, ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) आणि शोध-इंडेक्स या सर्व्हिसेस आतापर्यंत एकमेकींना थेट एचटीटीपीने कॉल करत होत्या. ओसीआर करणारा टेसरॅक्ट एखाद्या फिकट पानावर रेंगाळला की स्कॅनरही ताटकळायचा. म्हणून मध्ये ब्रोकर बसवलाय, म्हणजे एकीचे मेसेज रांगेत ठेवून दुसरीला देणारा प्रोग्रॅम. सगळं रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या कॉम्प्युटरवर, ४ जीबी रॅममध्ये.

मेसेज लॉगमध्ये ओळीने साठवणाऱ्या काफ्काचा मोह कुणाला होत नाही! ४.० पासून त्याच्यासोबत वेगळा चालवावा लागणारा झूकीपरही गेला. पण काफ्काच्या नेहमीच्या कन्झ्युमर ग्रुपमध्ये (काम वाटून घेणाऱ्या वर्करांचा गट) नोंद 'लॉगमध्ये कुठवर वाचलं' एवढीच. एक पान अडलं की त्या पार्टिशनमधली (लॉगच्या त्या भागातली) मागची सगळी खोळंबतात. शिवाय डिफॉल्टमध्ये एका पोलला (वर्करने मेसेज मागण्याच्या एका खेपेला) ५०० पर्यंत मेसेज येतात आणि पुढचा पोल ५ मिनिटांत करावा लागतो, नाहीतर पार्टिशन काढून दुसऱ्याला दिलं जातं. आकडे बदलता येतात, मान्य. पण जुने मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचता येणं हे काफ्काचं खरं बळ, आणि मला त्याची गरजच नाही. मूळ स्कॅन डिस्कवर आहेत.

रेडिस हा डेटाबेस आधीच चालू होता, त्यामुळे त्याचे स्ट्रीम्सही पाहिले. ग्रुप आहेत, अ‍ॅक (काम झाल्याची पोच) आहे. पण मेलेल्या वर्करचं काम आपणच शोधून उचलायचं. शिवाय एओएफ (रेडिसची लिखाणाची नोंदवही) दर सेकंदाला डिस्कवर जात असेल तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदाचं लिखाण जाऊ शकतं. आमच्याकडे वीज सांगून जात नाही.

शेवटी ब्रोकर म्हणून रॅबिटएमक्यू. ड्युरेबल क्यू आणि पर्सिस्टंट मेसेज (ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी टिकणारे), मॅन्युअल अ‍ॅक (काम संपल्यावर वर्करनेच द्यायचा), प्रीफेच १ (एका वेळी एकच मेसेज). पान अर्धवट असताना वर्करला किल -९ देऊन जबरदस्तीने बंद केला. मॅनेजमेंट स्क्रीनवर अनअ‍ॅक्डचा (दिलेले पण पोच न आलेले) १ शून्यावर आला, रेडीत (द्यायला तयार) एक वाढला. दुसरा वर्कर सुरू करताच त्याने तेच पान उचललं, रीडिलिव्हर्डची (पुन्हा दिल्याची) खूण लागलेली.

म्हणजे एखादं पान दोनदा वाचलं जाणार, हे धरूनच चालायचं. इंडेक्सची की म्हणून स्कॅन फाइलचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) ठेवलाय. तेच पान परत आलं तर नवी नोंद होत नाही, जुनीच बदलते.

एक लक्षात ठेवा: डिफॉल्टमध्ये ३० मिनिटांत अ‍ॅक आला नाही तर ब्रोकर चॅनेलच (वर्करशी जोडलेली वाट) बंद करतो. म्हणून अख्खा अंक नाही, एका पानाला एक मेसेज. आणि त्यात चित्र नाही, फक्त फाइलचा पाथ.

आता राहिली वाळवीने खाल्लेली पानं. ती वर्करला पाडतात आणि आत्ताच्या क्लासिक (साध्या) क्यूत पुन्हा पुढेच येऊन बसतात. त्यांच्यासाठी क्वोरम क्यू लावतोय, ज्यात पुन्हा देण्याला मर्यादा घालता येते: डिलिव्हरी लिमिट ३, त्यानंतर थेट डेड लेटर क्यूत, म्हणजे न जमलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत.