रहाटाचा आवाज

काल रात्री मंदारचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने विचारलं, "आमच्या सिनेमातला रहाटाचा सीन कसा वाटला? आवाज पोचला ना नीट?" मी म्हटलं, "मस्त रे." मग तो खुलला. त्या एका करकरीसाठी तीन गावं पालथी घातली, चौथ्या गावात एका आजींच्या परसात रहाट मिळाला, पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत रेकॉर्ड केला. मी नुसतं "हो का, हो का" करत राहिले.

रहाट मला ऐकूच आला नव्हता. सिनेमा मी टेलिग्रामवरून उतरवून मोबाइलवर पाहिला. थिएटरात बसून कुणीतरी फोनने घेतलेली कॉपी. पडदा तिरका, मध्येच पुढचा माणूस उठतो आणि त्याचं डोकं नायिकेच्या तोंडावरून सरकत जातं. ती विहिरीवर येते तेव्हा कुणाचं तरी बाळ रडतंय आणि फोनजवळच वेफर्सचं पाकीट फोडलं जातंय.

सकाळपासून मनातल्या मनात भांडतेय. आपलं टॉकीज गेलं, तिथे मंगल कार्यालय झालं. मल्टिप्लेक्स साठ किलोमीटरवर आणि तिथे याचा एकच शो, दुपारी बाराचा. २०१५ साली मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळणार म्हणून आपण किती खूश झालो होतो! पुढे नियमात दुपारी बारा ते रात्री नऊ हाच प्राइम टाइम ठरला. मी शाळा सोडून बाराला जाणार कशी? दुसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरलाही. तिकिटाला मी कधी नाही म्हटलंय? आमचा विचार कुणी करतच नाही.

हे सगळं खरं आहे. पण यातलं एक अक्षर मंदारला बोलले नाही. "मस्त रे" म्हणाले.

२०२३ साली कायदा बदलला. थिएटरात चोरून चित्रीकरण केलं तर किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड. मी कुठे चित्रीकरण केलं, असं वाटून जरा बरं वाटलं होतं. मग ते डोकं आठवलं, ते बाळ आठवलं. ती सगळी माणसं तिकीट काढून बसली होती. बहुधा फोन धरणाऱ्यानेही काढलं असेल. त्या अख्ख्या खेळात फुकट बघणारी मीच.

मंदारचे निम्मे पैसे अजून यायचेत. बोलता बोलता सांगून गेला. आईलाही मी तीच लिंक पाठवली होती... ते राहू दे.

"मस्त रे" कशाला म्हणाले? गप्प बसले असते तरी चाललं असतं.

रविवारी सांगून टाकेन. चिडेल, चिडू दे, त्याचा हक्कच आहे. आता झालं ते झालं, पण खोटं तरी पुढे ओढायला नको. चिडून झालं की तेवढा तुकडा ऐकव म्हणेन. अप्पांनी विहिरीवरचा रहाट काढला तेव्हा मी सहावीत होते. तो कसा वाजायचा, ते आता काही केल्या आठवत नाही.