नवतपात वाघिणीचा केक

नागपुरात मे महिन्यात घरी केक करायचा म्हटलं की पहिला प्रश्न चवीचा नसतो, पाऱ्याचा असतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो, नवतपा लागतो आणि पारा ४५ च्या आसपास जाऊन बसतो. माझ्या लेकीचा वाढदिवस नेमका त्या नऊ दिवसांत येतो. लोणी ३२ ते ३५ अंशांत वितळायला लागतं, चॉकलेटमधलं कोको बटर ३४ च्या आसपास. म्हणजे फोटोंत दिसणारे बटरक्रीमच्या गुलाबांचे केक आपल्या बैठकीत, कूलर फुल स्पीडवर असला तरी, अर्धा तास उभे राहणं कठीण. तरीही यंदा तिच्या पाचव्या वाढदिवसाला केक आणि सोबत गोडाचं अख्खं टेबल घरीच करायचं ठरवलं. ते कसं निभावलं ते सविस्तर लिहिते, कारण विदर्भातल्या उन्हाचा विचार करून लिहिलेलं मला तयारी करताना फार कमी सापडलं.

घरी करण्याचं कारण पैसे वाचवणं हे नव्हतं. कारण होती लेकीची मागणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही सिल्लारी गेटवरून पेंच व्याघ्र प्रकल्पात गेलो होतो. पाणवठ्यावर एक वाघीण आली आणि तोंड आमच्याकडे न करता, पाठ पाण्याकडे करून, मागे मागे सरकत पाण्यात बसली. वाघ बहुतेक वेळा असेच उलटे पाण्यात शिरतात. डोळ्यांत पाणी उडालेलं त्यांना आवडत नाही, असं गाईडने सांगितलं. परत निघताना ती उठून झाडीत गेली तेव्हा कानांमागचे दोन पांढरे ठिपके स्वच्छ दिसले. लेकीच्या मनात एवढंच राहिलं: उलटी बसणारी वाघीण आणि कानामागचे ठिपके. बेकरीच्या कॅटलॉगमधला हसरा कार्टून वाघ दाखवला तर तिने बोट ठेवलं, "याच्या कानामागं पांढरं कुठं आहे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला तो वाघ नको होता, तिला ती वाघीण हवी होती.

थीमचा सगळा विचार तिथूनच सुरू झाला. जंगल म्हटलं की लोक गडद हिरवा पडदा, प्लास्टिकच्या वेली आणि केळीची पानं लावतात. पण मे महिन्यातलं पेंच हिरवं नसतंच. ते पानगळीचं जंगल आहे. साग उघडा पडलेला असतो, गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, माती करडी-तांबूस. म्हणून हिरवा रंग जवळजवळ काढूनच टाकला. गांधीबागेतून खाकी सुती कापड आणलं, इतवारीतून गोणपाट आणि पळसाच्या पत्रावळी-द्रोण. कागदी प्लेटांवर वाघ छापून आणण्यापेक्षा त्या जंगलातल्याच झाडाच्या पानावर खाऊ देणं मला जास्त बरोबर वाटलं, आणि खर्चही कमी आला.

आता केक. आमच्याकडे येणाऱ्यांत अंडं न खाणारे बरेच, त्यामुळे दह्याचा स्पंज. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि व्हॅनिला. दही-साखर फेटून त्यात सोडा आणि बेकिंग पावडर घालायची, पाच मिनिटांत ते फुगून येतं, मग तेल, मग चाळलेला मैदा. आमच्यासाठी हे प्रमाण दुप्पट करून दोन टिनांत भाजलं. यात लोण्याऐवजी तेल घेण्याला उन्हाळ्यात खास अर्थ आहे. केक शेवटच्या क्षणापर्यंत फ्रीजमध्ये राहणार. लोण्याचा स्पंज थंडीत दगडासारखा घट्ट होतो, तेलाचा मऊच राहतो.

ओव्हन रात्री दहानंतर लावला. दिवसा लावला असता तर स्वयंपाकघरात उभं राहता आलं नसतं. तरी सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. "बाप्पा, एवढ्या गर्मीत भट्टी काहून लावून राहिली तू? दुकानातून आणला असता ना एक." मी त्यांना वाघिणीची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून विचारलं, "मग नानखटाई ठेवणार की नाही टेबलावर?" आणि टेबलाचा एक मोठा भाग त्यांच्या हातात गेला.

त्यांची नानखटाई मैदा, बेसन, थोडा रवा, साजूक तूप आणि पिठीसाखरेची. नेहमी त्या चिमूटभर सोडा घालतात, म्हणजे वरून छान तडे जातात. आम्हाला त्यावर वाघाच्या पावलाचा ठसा हवा होता आणि फुगली की ठसा पुसला जातो. म्हणून सोडा वगळला, गोळे थापून ठसे उमटवले आणि भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. तुपाचं पीठ गार असलं की ओव्हनमध्ये पसरत नाही. ठसा उमटवायला साचा नव्हता. अंगठ्याने मागची मोठी गादी आणि करंगळीने पुढची चार बोटं. नखं काढायची नाहीत. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे पगमार्कमध्ये ती दिसत नाहीत. कुत्र्याच्या ठशात दिसतात. लेकीने हे आपल्या प्रत्येक मैत्रिणीला समजावून सांगितलं.

केकवर काय लावायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. व्हिपिंग क्रीमचा विचार सोडून दिला होता. बाजारात मिळणारं नॉन-डेअरी क्रीम दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त टिकतं हे खरं, पण वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये होता, तिथे एसी नाही, फक्त कूलर, आणि चवही मला फारशी आवडत नाही. अमूल फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के, ते फेटून उभं राहत नाही. गनाशला, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट वितळवून केलेल्या लेपाला, मात्र ते चालतं. एरवी डार्क चॉकलेट आणि क्रीम दोनास एक घेतात; मी वजनाने अडीचास एक घेतलं. गनाश रात्रभर झाकून ठेवलं की लावण्याजोगं होतं, आणि केकवर लावून फ्रीजमध्ये ठेवलं की पक्कं बसतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अनेक जणी खर्च वाचवण्यासाठी ती करतात. खरं चॉकलेट आणि कंपाउंड एकत्र वितळवू नका. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं. दोन्ही स्निग्ध पदार्थ एकत्र आले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होतं, आणि उन्हाळ्यात आपल्याला नेमकं तेच नको असतं. एकतर पूर्ण हे घ्या, नाहीतर पूर्ण ते. मी खरं घेतलं. लहान मुलांना फरक कळत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही.

गनाशवर मारी बिस्किटांचा आणि कोकोचा जाडसर चुरा दाबला, ती झाली पाणवठ्याकाठची माती. पाणी चायना ग्रासच्या जेलीचं. जिलेटिन मांसाहारी, आणि ते आपल्या उन्हात खोलीतच पातळ होतं. चायना ग्रास एकदा सेट झालं की ८५ अंशांच्या आसपास तापेपर्यंत वितळत नाही, म्हणजे नवतपालाही ते पुरून उरतं. अर्ध्या लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर, चांगली उकळी आणून. निळा रंग गच्चीवरच्या गोकर्णाच्या वेलीचा. फुलं वाळवून ठेवली होती, गरम पाण्यात टाकली की सुंदर निळं पाणी सुटतं. त्यात लिंबू पिळायचं नाही, लगेच जांभळं होतं. (ती गंमत मुलांना वेगळ्या ग्लासात करून दाखवली, सरबतही झालं.) जेली केकवर ओतायची नाही, तिच्या उष्णतेने गनाश सुटतं. ताटात पातळ थर लावून सेट करायचा, हवा तो आकार सुरीने कापायचा आणि अलगद उचलून केकवर ठेवायचा.

वाघीण आठवडाभर आधी तयार होती. पूर्ण फाँडंटची (साखरेच्या मळून लाटता येणाऱ्या गोळ्याची) केली तर जड होते आणि खायला नकोशी, म्हणून पोटात राजगिऱ्याचा लाडू घातला. लाडू हातात दाबून धड आणि डोक्याचा आकार दिला, वर नारंगी फाँडंट पांघरला. पाय आणि शेपटी करायच्या फाँडंटमध्ये थोडी सीएमसी पावडर (खाण्याजोगा डिंकासारखा पदार्थ) मळली, त्याने ते वाळून कडक होतात. सांधायला टूथपिक किंवा तार वापरली नाही. लहान मुलांच्या केकमध्ये टोकदार, न खाता येणारं काहीच नको, या बाबतीत मी हट्टी आहे. कोरड्या स्पगेटीचे तुकडे खोवले, मिशाही त्याच्याच. पट्टे कोकोच्या घट्ट पाण्यात बारीक ब्रश बुडवून काढले. आणि कानांमागे दोन पांढरे ठिपके. ते लेकीने स्वतः लावले, मी फक्त कान धरून ठेवले.

फाँडंटची नागपुरात दोन टोकं असतात. मेमधली हवा इतकी कोरडी की उघडा ठेवला तर दहा मिनिटांत पापुद्रा धरून तडकतो. कूलर लावला की त्याच्या ओल्या हवेने तोच फाँडंट पाझरून चिकट होतो, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. त्यामुळे काम एसीच्या खोलीत, दार लावून, आणि न लागणारा गोळा कायम ओल्या नव्हे तर कोरड्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तयार वाघीण पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची. फ्रीजमध्ये कधीच नाही, बाहेर काढल्यावर तिला घाम फुटतो. ओल्या जेलीवर बसवायच्या आधी तिच्या बुडाला वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा थर दिला, नाहीतर साखर विरघळून पाणवठा नारंगी झाला असता.

टेबलावरच्या बाकीच्या पदार्थांसाठी एकच कसोटी होती: दोन तास बाहेर राहून खाण्याजोगं राहील का? केक पॉप्स, म्हणजे काडीवरचे चॉकलेटात बुडवलेले केकचे गोळे, या कसोटीवर बाद झाले. त्याऐवजी पट्ट्यांचा लोफ केक केला. एक पीठ कोकोचं, एक संत्र्याचं. टिनमध्ये आळीपाळीने चमचा चमचा घालत गेलं की कापल्यावर आत वाघाचे पट्टे दिसतात. मे महिन्यात नागपुरी संत्रं मिळत नाही. मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी येणारी, फळं होती तेव्हाच सालीचा वरचा नारंगी भाग किसून, साखरेत चोळून, फ्रीजरमध्ये ठेवला होता. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे फळ सोलायच्या आधी हलक्या हाताने किसावं लागतं. त्या साखरेचा वास भाजताना घरभर पसरला. याशिवाय हल्दीरामच्या संत्रा बर्फीचे बारके त्रिकोण, एवढीच विकतची गोष्ट. बर्फात ठेवलेल्या छोट्या ग्लासांत आम्रखंड. आणि कागदी कोनांत मुरमुऱ्यांचा चिवडा, कारण गोड खाऊन खाऊन पोट्टे कंटाळतात आणि मग त्यांना काहीतरी खारट लागतंच. चिवड्यात शेंगदाणे घातले नाहीत, पाहुण्यांत एका मुलाला त्यांची ॲलर्जी होती. हे आमंत्रण देतानाच प्रत्येक घरी विचारून घेतलं होतं.

प्रमाणाचं म्हणाल तर प्रत्येक पदार्थ डोकी मोजून करायची गरज नसते. एक मूल केकशिवाय साधारण तीन छोट्या गोष्टी खातं, मोठी माणसं दोन. तेवढ्यावर हिशोब लावला आणि तो बरोबर आला.

टेबल उंच मांडलं नाही. मुलांसाठीचं टेबल मोठ्यांच्या कमरेएवढं असलं तर फोटो छान येतात, पण पाच वर्षांच्या मुलाला त्यावर फक्त कापडाची झालर दिसते. आम्ही दोन बाकडी जोडली, कापडाखाली पाट आणि डबे ठेवून चढउतार केले. कूलरचं तोंड टेबलापासून फिरवलं. दिराने घरून केक आणला तो एसी आधी पंधरा मिनिटं चालवलेल्या गाडीत, सीटवर नव्हे, खाली सपाट जागेवर ठेवून. वेळ संध्याकाळी साडेसातची ठेवली होती, ऊन उतरल्यावरची. केक सगळ्यात शेवटी टेबलावर आला.

वाघीण पाठमोरी होती. तिचं तोंड मांडणीकडे आणि पाठ, कान, ठिपके मुलांकडे. दोन-तीन मोठ्यांनी केक फिरवून सरळ करायला हात पुढे केला, तेव्हा लेक मध्ये येऊन उभी राहिली. मग तिने सगळ्यांना पाणवठ्याची गोष्ट सांगितली आणि मेणबत्ती तिथेच थांबली, गोष्ट पूर्ण होईपर्यंत.

सगळ्यात आधी नानखटाई संपली, त्यामागोमाग पट्ट्यांचा केक. संत्रा बर्फी मोठ्यांनी संपवली. जेलीचे निळे तुकडे मुलांनी हाताने खाल्ले आणि जिभा एकमेकांना दाखवल्या. सासूबाईंना तिघी-चौघींनी नानखटाईचं प्रमाण विचारलं. त्यांनी "अंदाजानं" एवढंच सांगितलं, म्हणून आता मी ते वजन करून लिहून घेतेय.

वाघीण कापायची नाही, हे आधीच ठरलं होतं. ती सध्या हवाबंद डब्यात आहे, पण पावसाळी हवा सुरू झाली की साखर पाझरणार आणि आतला गूळ त्याहून लवकर. म्हणून मृगाच्या आधी ती मोडून लाडू वाटून खायचा, असा लेकीशी करार झालाय. जावेच्या मुलाचा वाढदिवस डिसेंबरात आहे, त्याला लालपरीचा केक हवा आहे. तेव्हा हवा थंड असेल, बटरक्रीम निवांत उभं राहील आणि आंबिया बहाराची ताजी संत्री बाजारात असतील. फक्त तो गडद लाल रंग जीभ कडू न करता कसा आणायचा, त्यासाठी बीट वाळवून पावडर करून पाहायला सुरुवात केली आहे.