मिठागरात बोमे कसा वाचायचा

बोमे म्हणजे पाण्याची घनता, पर्यायाने खारटपणा, मोजायचं माप. समुद्राचं पाणी आगरात येतं तेव्हा साधारण 3 ते 3.5 अंश बोमे असतं, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार. घरातला टीडीएस मीटर (पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) इथे काढूच नका; बहुतेक मीटर 9,990 पीपीएमला थांबतात आणि हे पाणी 35,000 च्या घरात.

हवा तो काचेचा बोमे हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात तरंगून घनता दाखवणारी आकडे कोरलेली नळी. पाणी गाळून उंच नळीत घ्या, हायड्रोमीटर कोरडा पुसून सोडा, हलकेच फिरवा. बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा, जास्त दिसतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा.

खरी फसगत तापमानाची. उपकरण बहुधा 15.6 अंश सेल्सिअसला जुळवलेलं असतं. दुपारचं 40 अंशांचं पाणी एक-दीड अंश बोमे कमी दाखवतं, म्हणून नमुना सावलीत निवू द्या.

पाणी आटत 13 अंश बोमेच्या पुढे गेलं की जिप्सम (कॅल्शियमचा एक क्षार) तळाशी बसू लागतं, ते आधीच्या कोंड्यांतच, म्हणजे पाणी आटवायच्या वाफ्यांतच, राहू द्यायचं. 25 च्या सुमारास मीठ धरतं. 29-30 ला उरलेलं कडवट पाणी काढून टाका. लोभ केला तर मॅग्नेशियम मिठात उतरतं आणि पावसाळ्यात पोत्याला पाणी सुटतं.