जाम बसलेला निगेटिव्ह टर्मिनल : माझा अनुभव

कारची बॅटरी काढणं हे पाच मिनिटांचं काम म्हणतात. मला दीड तास लागला, आणि त्यातला सव्वा तास एकट्या निगेटिव्ह क्लॅम्पनं (केबलच्या टोकाची, बॅटरीवर आवळलेली कडी) खाल्ला.

इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली. (चावी गाडीत ठेवू नका, सप्लाय परत आला की काही गाड्यांचं सेंट्रल लॉक आपोआप बसतं.) अंगठी आणि घड्याळ काढून दहा नंबरचा रिंग पाना घेतला. ॲडजस्टेबल पान्यानं नटाचे कोपरे झिजतात. निगेटिव्ह आधी सोडवायचा, कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हलाच जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. पाना तिथेच चिकटून लाल होऊ शकतो.

नट सहज फिरला, क्लॅम्प मात्र तसूभर हलेना. वर पांढरी-हिरवट पावडर दिसत होती, पण पोस्ट (क्लॅम्प बसतो ती बॅटरीची खुंटी) आणि क्लॅम्पच्या मध्ये तीच दगडासारखी घट्ट झालेली. पोस्टच्या बुडाशी झिरपणारं ॲसिड शिसं आणि तांब्याला लागून हे सल्फेट तयार होतं. इथेच लोक हातोडी घेतात. कृपा करून घेऊ नका! पोस्ट शिशाची, म्हणजे मऊ, आणि ती प्लॅस्टिकच्या झाकणात बसवलेली असते. ठोकलं किंवा झाकणावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून उचकटलं की तिथे तडा जातो, मग ॲसिड गळतं आणि बॅटरी भंगारात.

गॉगल आणि रबरी हातमोजे घालून मी ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा विरघळवला आणि थोडा थोडा क्लॅम्पवर सोडला. फसफस थांबली की पुन्हा, असं तीनदा. सेलची झाकणं घट्ट हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. तरीही क्लॅम्प सुटेना. चूक माझीच होती : नट सैल केला होता, पूर्ण काढला नव्हता. बोल्टसकट काढला, क्लॅम्पच्या फटीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच पिळला, फट जराशी रुंदावली. मग सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे किंचित फिरवत राहिलो, आणि सुटला! दोन पायांचा टर्मिनल पुलर (क्लॅम्प वर खेचून काढणारं अवजार) जवळ असता तर हे दहा मिनिटांत झालं असतं. तो घेऊनच ठेवा.

सुटलेली केबल स्प्रिंगसारखी परत पोस्टवर येते, म्हणून ती फडक्यात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा. पॉझिटिव्ह दोन मिनिटांत निघाला.

पोस्ट आणि क्लॅम्प आतून चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासले. जोडताना क्रम उलटा : पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. केबलच्या रंगावर जाऊ नका, बॅटरीवरची + खूण बघा. पॉझिटिव्ह पोस्ट थोडी जाड असते, त्यामुळे क्लॅम्प बसत नसेल तर जोर लावण्याआधी पुन्हा तपासा. शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी उडते, म्हणून नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीजवळ हवा खेळती हवी, तिथे हायड्रोजन असतो. क्लॅम्प हातानं फिरेनासा झाला की आवळणं थांबवा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आणि चालू इंजिनवर टर्मिनल कधीच काढू नका, अल्टरनेटरचं (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

घड्याळ पुन्हा लावलं. एकदा बटण दाबून काच आपोआप पूर्ण वर जाणं बंद झालं होतं, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवल्यावर तेही आलं. मल्टिमीटरवर बॅटरी तपासली : बंद गाडीला 12.6 व्होल्ट, चालू गाडीला 14.1.